सत्तर वर्षांचं पत्र

यिर्मयाच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं अकरावं वचन ज्याने कधी ऐकलं नाही असा मराठी ख्रिस्ती माणूस विरळाच. अध्याय आणि ओळ सांगता आली नाही तरी आशय तोंडपाठ असतो: देवाच्या मनात तुमच्याविषयी जे आहे ते भल्याचं आहे, वाइटाचं नाही, आणि पुढे तुमच्यासाठी आशा ठेवलेली आहे. हे वचन कॅलेंडरवर असतं, लग्नपत्रिकेवर असतं, दहावी झालेल्या मुलाला दिलेल्या भेटकार्डावर असतं. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत वचनांच्या चिठ्ठ्यांची थाळी फिरते, तेव्हा ही चिठ्ठी ज्याच्या हाती येते त्याचा चेहरा उजळतो. शेजारची माणसं वाकून पाहतात आणि म्हणतात, ‘यंदा तुमचं वर्ष चांगलं जाणार.’

हे वचन एका पत्रातलं आहे. ते पत्र मात्र आपल्याकडे क्वचितच वाचलं जातं.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेम घेतलं. बाबेलच्या मातीच्या पाटीवरच्या बखरीत त्या दिवसाची नोंद सापडली आहे. आपल्या गणनेने ती १६ मार्च येते. तरुण राजा यकन्या, त्याची आई, दरबारी, लोहार आणि कारागीर अशी हाताला काम येणारी माणसं उचलून बाबेलला नेली. मागे शहर शिल्लक होतं, मंदिर उभं होतं, बाबेलने गादीवर बसवलेला सिद्कीया राज्य करत होता. त्यामुळे नेलेल्यांना आणि राहिलेल्यांनाही वाटत होतं की हे थोड्या दिवसांचं संकट आहे. यिर्मया मागे राहिलेल्यांत होता. सिद्कीयाने नबुखद्नेस्सराकडे एलासा आणि गमऱ्या हे वकील पाठवले, तेव्हा त्यांच्या हाती त्याने बंदिवासातल्या लोकांसाठी पत्र दिलं. पुढे सव्वाशे-दीडशे वर्षांनी एज्रा बाबेलहून यरुशलेमला आला, त्याला चार महिने लागले. म्हणजे एवढ्या लांबून आलेलं हे पत्र. ज्यांना ते वाचून दाखवलं गेलं त्यांच्या मनात एकच प्रश्न असणार: परत कधी जायचं?

यिर्मयाने त्यांना घरं बांधायला सांगितलं. बागा लावा आणि तिथलं फळ खा, मुलामुलींची लग्नं लावा, नातवंडं पाहा, संख्येने कमी होऊ नका असं कळवलं. आणि ज्या शहराने तुम्हाला धरून नेलं त्या शहराच्या भल्यासाठी झटा, त्याच्यासाठी देवाकडे प्रार्थना करा, कारण त्याचं बरं झालं तरच तुमचं बरं होईल, हेही लिहिलं. बाबेलसाठी प्रार्थना! ज्या सैन्याने मंदिरातली पात्रं आणि घरची माणसं उचलून नेली, त्याच्याच राजधानीसाठी. मला तर संपूर्ण जुन्या करारात याहून अवघड आज्ञा फार थोड्या दिसतात. मग दहाव्या ओळीत परतीचा हिशेब येतो. बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर देव तुम्हाला परत आणील. आणि लगेच त्याला जोडून अकरावी ओळ.

पत्र ऐकणाऱ्यांत पस्तिशीचा एखादा लोहार असेल, तर त्याच्या डोक्यात तिथल्या तिथे बेरीज झाली असणार. तो परत जाणार नव्हता. त्याची बायकोही नाही. कडेवरचं मूल फार जगलं तर जाईल, काठी टेकत. म्हणजे आपण ज्या ओळीकडे या वर्षाचं आश्वासन म्हणून पाहतो, ती ओळ पहिल्यांदा ज्यांच्या कानावर पडली त्यांतल्या बहुतेकांना तिची पूर्तता दिसली नाही. हे लक्षात न घेता तिचा अर्थ लावायला गेलं की माणूस फसतो. मी आमच्या महिला संघात बरीच वर्षं शास्त्राभ्यास घेते, आणि या मुद्द्यावर दरवेळी खोलीत शांतता पसरलेली पाहिली आहे.

एकोणतिसाव्या अध्यायाच्या आधीचा अठ्ठाविसावा अध्याय शेजारी ठेवल्याशिवाय हे पत्र नीट कळत नाही. सिद्कीयाच्या चौथ्या वर्षी, पाचव्या महिन्यात, मंदिरात याजकांसमोर आणि सगळ्या लोकांसमोर गिबोनचा हनन्या उभा राहिला. तोही संदेष्टा होता. तोही परमेश्वराच्या नावाने बोलत होता, आणि त्याची भाषा यिर्मयाच्याच वळणाची होती. त्याने सांगितलं की देवाने बाबेलचं जू मोडलं आहे. दोन वर्षांच्या आत मंदिरातून नेलेली पात्रं परत येतील, राजा यकन्या परत येईल, नेलेली सगळी माणसं परत येतील. यिर्मया त्या दिवसांत मानेवर लाकडी जू घालून हिंडत होता. बाबेलच्या सत्तेखाली मान द्यावी लागणार आहे हे लोकांना डोळ्यांनी दिसावं, म्हणून.

त्यावर यिर्मया काय म्हणाला? आमेन. परमेश्वर तसंच करो. माझ्या वाचनात हा यिर्मयाच्या आयुष्यातला सर्वांत हळवा क्षण आहे. हनन्याचं बोलणं खरं ठरावं असं त्यालाही मनापासून वाटत होतं. लोकांना वाईट बातमी सांगण्यात त्याला कधीच समाधान नव्हतं. त्याचं अर्धं पुस्तक अश्रूंनी भिजलेलं आहे. मग त्याने एवढीच आठवण दिली की शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा देवाने पाठवलेला आहे की नाही हे, त्याचा शब्द घडून आल्यावरच कळतं. हनन्याने पुढे होऊन यिर्मयाच्या मानेवरचं जू काढलं आणि मोडलं. लोक नक्कीच सुखावले असतील. आणि यिर्मया काही न बोलता निघून गेला. त्या क्षणी त्याच्याकडे देवाचा शब्द नव्हता, म्हणून त्याने स्वतःचा शब्द घुसवला नाही. देवाचा शब्द नंतर आला: लाकडाचं जू मोडलंस, त्याच्या जागी लोखंडाचं येईल. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात वारला.

हनन्या ढोंगी होता असं मला वाटत नाही. तसं शास्त्रातही लिहिलेलं नाही. देवाने त्याला पाठवलेलं नव्हतं, आणि त्याने लोकांना खोट्यावर विसंबायला लावलं, एवढंच लिहिलं आहे. लोकांना जे ऐकायची भूक होती ते त्याने देवाचं नाव लावून दिलं. बाबेलमध्येही असे लोक होतेच. म्हणून तर यिर्मयाने पत्रात स्वप्नं सांगणाऱ्यांपासून सावध केलं. शमाया नावाच्या एकाने तर उलट यरुशलेमला पत्र धाडून तक्रार केली, की घरं बांधा असं लिहिणाऱ्या या वेड्याला खोड्यात का घातलं नाही?

आता आपल्याकडे पाहू. अकरावी ओळ पत्रातून कापून काढली आणि ‘यंदा तुमचं काम होणार’ असा तिचा अर्थ सांगितला, की शब्द यिर्मयाचे राहतात आणि निरोप हनन्याचा होतो. नोकरी, व्हिसा, फ्लॅट, बरं झालेलं दुखणं, सगळं या ओळीत भरून दिलं जातं. मोठ्या मंडपात, माइकवर, टाळ्यांच्या गजरात हे होताना मी ऐकलं आहे, आणि मला ते सोसत नाही. ज्या ओळीने खोट्या घाईच्या आशेला उत्तर दिलं, तीच ओळ त्या घाईच्या आशेच्या कामाला जुंपणं हा शास्त्राचा अपमान आहे. आणि त्याची किंमत मंडपातल्या वक्त्याला मोजावी लागत नाही.

ती कोणाला मोजावी लागते ते सांगते. आमच्या मंडळीतल्या एका बाईंना एका वर्षअखेरीला हीच चिठ्ठी आली होती. त्यांचा नवरा तेव्हा आजारी होता. चिठ्ठी त्यांनी त्याच्या उशाशी ठेवली. लोकांनीही वचन धरून राहा, देव खोटं बोलत नाही, असा धीर दिला. उन्हाळ्यात तो गेला. पावसाळा संपता संपता त्या पुन्हा महिला संघात यायला लागल्या. एके दिवशी अभ्यास सुरू व्हायच्या आधीच त्यांनी विचारलं, ‘बाई, माझ्या हातात आलं ते वचन कोणासाठी होतं? माझ्यासाठी नव्हतंच का? की माझा विश्वास कमी पडला?’

या प्रश्नाला पाठ केलेलं उत्तर देणं पाप झालं असतं. नेमलेला पाठ बाजूला ठेवून आम्ही एकोणतिसावा अध्याय पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. एकेकीने काही ओळी, असं करत. दहाव्या ओळीशी त्या थांबल्या. ‘म्हणजे ज्यांना हे पत्र आलं ते स्वतः परत गेले नाहीत?’ बहुतेक नाही, मी म्हणाले. ‘तरी घरं बांधा म्हणून सांगितलं?’ हो. त्या बराच वेळ पुस्तकात पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘मला कुणी हे आधी का नाही सांगितलं?’ त्यांच्या आवाजात राग होता, आणि तो रास्त होता.

त्या दिवशी आम्ही पुढे एकतिसाव्या अध्यायापर्यंत गेलो. तिथे रामा गावी राहेल आपल्या मुलांसाठी रडते आहे. कोणी समजूत घातली तरी ती घेत नाही. रामा हे साधंसुधं गाव नव्हे. पुढे शहर दुसऱ्यांदा पडल्यावर बंदिवानांना तिथे साखळदंडात गोळा केलं होतं, आणि त्या साखळदंडांत खुद्द यिर्मयाही होता. देव त्या रडणाऱ्या आईला रागावत नाही. तिचा विश्वास कमी आहे असं म्हणत नाही. तिला पुढच्या काळासाठी आशा आहे असं सांगतो, म्हणजे पत्रातलंच आश्वासन तिला पुन्हा देतो. मत्तयाने हेरोदाच्या हातून बेथलेहेमातली बाळं मारली गेल्याची हकिकत लिहिताना याच राहेलीच्या रडण्याची आठवण काढली, आणि तो रडण्यापाशीच थांबला. सांत्वनाच्या ओळीपर्यंत गेला नाही. ज्यांची मुलं नुकतीच गेली त्यांच्यापुढे ती ओळ वाचायची वेळ अजून आलेली नाही, हे शुभवर्तमान लिहिणाऱ्याला कळत होतं. आपल्या सांत्वनाच्या भेटींत हे भान का नसतं, असा प्रश्न मला नेहमी पडतो. मयताच्या घरी चप्पल काढता काढता वचन सांगायची घाई असते आपल्याला.

मग या वचनावर आज आपला काही हक्क आहे की नाही? आहे, आणि मी तो सोडायला तयार नाही. पण तो चिठ्ठीतून येत नाही. ख्रिस्ती माणसाला ही वचनं ख्रिस्ताच्या मार्फत मिळतात. शिष्यांनी प्रभूला सांगितलं होतं की काही लोक तुम्हाला यिर्मया समजतात. हे लोकांना उगाच वाटलं नसावं. त्यानेही यरुशलेमकडे पाहून अश्रू ढाळले, मंदिरात उभं राहून यिर्मयाचेच शब्द सुनावले, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी प्याला हाती घेऊन नव्या कराराचं नाव घेतलं. तो नवा करार यिर्मयाच्या एकतिसाव्या अध्यायातला. देवपित्याच्या मनातला विचार भल्याचा होता यात त्या रात्री शंका नव्हती, तरीही वाट वधस्तंभावरूनच गेली. प्रभुभोजनाला गुडघे टेकताना आपण ज्या आशेला हात लावतो तिच्यात आजारपण टळण्याची हमी नाही. मरणाच्या पलीकडेही देवाचा विचार बदलत नाही, ही तिच्यातली हमी आहे. इब्री लोकांस पत्र लिहिणाराही अब्राहामादिकांची नावं घेऊन हेच सांगतो, की ही माणसं वचनफळ हाती न येता, ते दुरूनच पाहून, विश्वासात मेली.

मधल्या काळाचं काय, हा प्रश्न उरतोच. माझ्या दृष्टीने पत्राचं खरं मोल इथेच आहे. पत्रात सांगितलं तसं लोक बाबेलमध्ये जगले याचे पुरावे मातीत मिळाले आहेत. बाबेलच्या उत्खननातल्या पाट्यांवर राजवाड्याच्या कोठारातून यहूदाच्या राजाला, यकन्याला, आणि त्याच्या पाच मुलांना तेल दिल्याचा हिशेब आहे. त्या पाट्या १९३९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. दुसऱ्या पाट्या, ज्या पुराणवस्तूंच्या बाजारातून वर आल्या आणि २०१४ मध्ये ग्रंथरूपाने छापल्या गेल्या, त्यांत बाबेलच्या मुलखातलं ‘यहूदाचं गाव’ म्हणावं असं एक गाव भेटतं. इ.स.पू. ५७२ पासून पुढची शंभरेक वर्षं. त्यांत सातबाऱ्यासारखा कोरडा मजकूर आहे: खंड, सारा, जव, खजूर, उसनवारी. पण माणसांच्या नावांत परमेश्वराचं नाव गुंफलेलं आहे. परक्या मुलखात, परक्या लिपीत, कर भरत, खजुराच्या बागा राखत, पोरांची नावं देवाच्या नावावरून ठेवत ती माणसं जगली. संदेष्ट्याच्या शब्दाची पूर्तता म्हटल्यावर आपण आकाशाकडे पाहतो. ती खजुराच्या हिशेबातही असते.

इ.स.पू. ५३९ मध्ये कोरेशाने बाबेल घेतलं आणि परतीची मुभा मिळाली. कित्येक गेले, कित्येक तिथेच राहिले. राहिलेल्यांच्या वंशाशी आपलं मूळ जोडणारे बगदादचे यहुदी एकोणिसाव्या शतकात मुंबईत आले. त्यांतले डेव्हिड ससून पुण्यात लाल देवळाच्या आवारात पुरले आहेत. त्यांच्या दानाने उभं राहिलेलं रुग्णालय आजही शहरातल्या गरिबाचा आधार आहे. पत्रातली शहराच्या भल्याची आज्ञा त्यांच्या मनात होती की नव्हती, हे ठरवणं माझं काम नाही. पण ज्या शहरात आपण आलो त्याचं भलं करणं म्हणजे काय, हे शब्बाथशाळेच्या मुलांना समजावताना मला ससूनच्या इमारतीहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. आपल्या मंडळ्यांतली कितीतरी कुटुंबं नगर-जालन्याच्या खेड्यांतून पिंपरी-चिंचवडला, ठाण्याला आली. आपण या शहरांकडे अजून परक्या मुलखासारखंच पाहतो. शहराच्या पाण्यासाठी, शाळांसाठी, शेजारच्या चाळीतली दारू सुटावी म्हणून आपली प्रार्थनासभा कितीदा भरली?

यिर्मयाचं स्वतःचं काय झालं हे फार थोडे सांगतात. लग्न करू नकोस, तुला मुलंबाळं नकोत, अशी देवाची त्याला आज्ञा होती. इतरांना लग्नं लावा, नातवंडं पाहा म्हणून लिहिणाऱ्या हाताला स्वतःचं घर नव्हतं. शहराला दुसऱ्यांदा वेढा पडलेला, तो पहाऱ्यात अडकलेला, आणि त्या अवस्थेत त्याने चुलतभावाचं अनाथोथचं शेत सतरा शेकेल रुपं मोजून विकत घेतलं. साक्षीदारांच्या सह्या घेऊन खरेदीखत आपला लेखनिक बारूख याच्या हाती दिलं आणि मडक्यात घालून ठेवायला सांगितलं, पुष्कळ दिवस टिकावं म्हणून. त्या शेतात त्याने कधी पीक घेतलं नाही. लोकांनी त्याला मिसरात नेलं, आणि शास्त्रात त्याच्याविषयी शेवटचं जे कळतं ते तिथलंच.

आपल्या मुलखात मला त्याच्याशी नातं सांगणारी एक बाई दिसते. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, मग भाऊ, मग नवरा, आणि शेवटी एकुलती एक मुलगी मनोरमाही १९२१ मध्ये गेली. केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो बायकामुलांच्या अन्नवस्त्राचा भार वाहताना त्यांनी इब्री आणि ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्र साध्या माणसाला कळेल अशा मराठीत आणायचं काम वर्षानुवर्षं चालवलं. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. मुक्तीच्या छापखान्यात तिथल्याच बायकांनी छापलेलं ते संपूर्ण पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडलं. बांधून तयार झालेली प्रत त्यांच्या हाती आली नाही. यिर्मयाचं पत्रही त्यांनी मराठीत लिहून काढलं. अकराव्या ओळीपाशी त्या किती वेळ थांबल्या असतील याचा विचार मी अनेकदा करते.

आमच्या मंडळीतल्या त्या बाईंनी नवऱ्याच्या वर्षाच्या स्मरणप्रार्थनेला पत्रिका छापली. तिच्यावर अकरावी ओळ घालू का, असं नातेवाइकांनी विचारलं. त्या म्हणाल्या, घाला, पण पाचव्यापासून चौदाव्यापर्यंत सगळं घाला. जागा पुरेना, अक्षर बारीक करावं लागलं. मुलीचं नर्सिंगचं शिक्षण थांबवायचा घरातल्यांचा विचार होता; त्यांनी फी भरली आणि ते चालू ठेवलं.

माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या महिला संघात, तरुण संघात, घरच्या प्रार्थनेत, यिर्मयाचे सत्तावीस ते बत्तीस हे सहा अध्याय एकदा सलग, मोठ्याने वाचा. तासाभराचं काम आहे. पाळकांनी आणि शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ते वर्षअखेरीच्या आधी वाचून घ्यावेत. आणि कोणाला अकरावं वचन लिहून द्यायचं असेल, तर त्याला दहावंही लिहून द्या.